एक घास गाडीचा

प्रिय ताई,

हे पत्र आई जवळ नसताना वाच. तिला वाचून दाखवायचं पत्र मी वेगळं लिहीन. त्यात माझं जेवणखाण, खोलीचा गळका नळ, सगळं येईल. हे आधी कच्चं लिहून मग उतरवून काढलंय, तरी एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला असेल तर रागावू नकोस. शाळा सुटल्यावर जे काही लिहायला आलं, ते तुझ्याच चापट्या खाऊन.

भाऊजी आमच्या वर्कशॉपमध्ये आले होते. थांब, पत्र बाजूला ठेवू नकोस. तुमची ठकू गेल्यापासून गाडी त्यांनी कव्हर घालून उभीच ठेवली होती. बॅटरी उतरलेली, म्हणून ओढून आणावी लागली. मला वाटलं, विकायची असेल. तर म्हणाले, "विकायची नाही रे. एसी गरम हवा का मारत होता, तेवढं शोधून काढ. मला फक्त कळायला हवं." त्या दुपारी हॉस्पिटलला जाताना काय झालं, ते आईने मला सांगितलंय. ठकू तुझ्या मांडीवर तापाने फणफणलेली, पुढे गाड्यांची रांग हलत नाही, आणि एसीच्या जाळीतून गरम वाफा. "एक एसी धड करून घेता आला नाही तुम्हाला!" हे तुझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं होतं की ताप मेंदूत गेला होता, गार हवेने काहीच फरक पडला नसता. तू ते ऐकून घेतलंस, पण तुला ते पटलं नाही.

ताई, भाऊजींनी हयगय केली नव्हती. गाडी त्यांनी आधी तीन ठिकाणी दाखवली होती आणि तिघांनी गॅस भरून परत पाठवली होती. आमचे मिस्त्री म्हणतात, गॅस भरणं म्हणजे पोट दुखो की पाय, डोकेदुखीचीच गोळी. मी गेज लावले, तर गॅसचा दाब बरोबर. कॉम्प्रेसर टक् करून चालू होतोय. आत जाणारा पाइप हातात धरला, तर गारेगार, वर घाम आलेला. तरी आत बसलं की तोंडावर गरम हवा. म्हणजे थंडी तयार होत होती, पण माणसापर्यंत पोचत नव्हती. मी सगळं पुन्हा तपासलं, मग आणखी एकदा. माझा स्वभाव तुला माहीत आहे. डॅशबोर्डच्या आत एक डबा असतो आणि त्यात एक झडप. बटण निळ्याकडे फिरवलं की ती हीटरची वाट बंद करते. बटण फिरत होतं, झडप जागची हलत नव्हती. गार झालेली हवा हीटरवरून जाऊन पुन्हा तापत होती.

अख्खा डॅशबोर्ड उतरवायला घेतला, तेव्हा मिस्त्री ओरडले, "अरे, एसी करतोयस की पोस्टमॉर्टेम?" मग गाडी कोणाची ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी जीभ चावली, आणि स्वतः जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आले.

झडपेच्या बिजागरीत मेण होतं. हिरवं, हीटरच्या उष्णतेने वितळून पुन्हा घट्ट झालेलं, आणि त्यात रंगाच्या खडूचा कागद चिकटलेला. डब्याच्या तळाशी बिस्किटांचा चुरा आणि बाहुलीचा एक बूट. भाऊजी उलट्या बादलीवर बसले होते. त्यांनी ते मेण नखाने खरवडलं आणि एकदम हसले. त्यांचं ऑफिस सुटायची वाट बघत तुम्ही दोघी गाडीत बसायचात ना, तू तिला भरवायचीस, एक घास चिऊचा, एक घास काऊचा. तू पलीकडे बघितलंस की ठकू "एक घास गाडीचा" म्हणून पुढच्या काचेखालच्या फटीत बिस्कीट सारायची. भाऊजींनी एकदा पकडलं, तर म्हणाली, "बाबा, गाडीला पण भूक लागते. आईला सांगू नका." त्यांनी कबूल केलं आणि पाळलंही. हातातल्या मेणाकडे बघत ते म्हणाले, "ठके, खडूसुद्धा भरवलास होय गं?" मग तेलकट फडक्यातच तोंड लपवलं. मी स्क्रू पुसत बसलो.

मला वाटलं, आता सुटले बिचारे, आजच तुला कळवतील. तर उठताना माझा हात धरून म्हणाले, "तिला सांगायचं नाही. माझी शपथ. आत्ता ती माझ्यावर चिडलेली आहे, ते बरं आहे. त्या रागाच्या बळावर ती सकाळी उठते तरी. हे कळलं तर चिडणार कोणावर? पोरीवर? ते तिला जमायचं नाही. मग स्वतःवर उलटेल, भरवताना आपलं लक्ष कुठे होतं म्हणून. राहू दे माझ्यावरच." मी हो म्हणालो.

हो म्हणालो, आणि तरी तुला लिहितोय. कारण गाडी तयार आहे, गार हवा येतेय, पण भाऊजी न्यायला येत नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबतोय, आणि स्वयंपाकघरात एकही भांडं वापरलेलं दिसत नाही. ठकूला आपण धरून ठेवू शकलो नाही, ताई. हा माणूस आपल्या डोळ्यांसमोर चाललाय. तुला कोणावर तरी रागवायलाच हवं असेल, तर माझ्यावर रागव, मी लहानपणापासून तयार झालेला आहे. स्वतःवर मात्र उलटू नकोस, नाहीतर भाऊजींचं म्हणणं खरं ठरेल. आई म्हणते, दर रविवारी ते तुला फोन करतात, तू उचलतेस आणि काही न बोलता ठेवून देतेस. या रविवारी गाडीचा विषय काढू नकोस, मी लिहिल्याचंही सांगू नकोस. ते "जेवलीस का" एवढंच विचारतील. तेव्हा हो म्हण, नाही म्हण, पण काहीतरी म्हण.

तुझाच,
शपथ मोडलेला धाकटा