सावळीरामकाकांचा नंबर

म्हसरूळ, नाशिक
एप्रिल २००४

प्रिय धनराज,

आणि तुझ्या निमित्तानं, या गल्लीतून संगणक शिकून पुण्याला गेलेल्या तुम्हा सगळ्यांनाच हे म्हणते. आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. ज्या यंत्रावर आपल्या माणसांचा श्वास टांगलेला असतो, त्याची किल्ली आपल्या माणसांकडे कधीच नसते. ती मुंबईच्या साहेबाच्या खिशात असते आणि साहेब नोकरी बदलून गेलेला असतो. गेटवरच्या सभेत मी हे बोलले की टाळ्या पडतात. कोंडाजी गेल्यापासून त्या टाळ्या ऐकवत नाहीत.

झालं मोहिनीताईचं भाषण सुरू, असं म्हणशील. म्हण. तुला हाताला धरून वाचनालयात नेणारी मीच होते, तेव्हापासून तू माझी भाषणं ऐकतोयस. हे मात्र बसून, शांतपणे लिहितेय.

द्राक्षांचा हंगाम उरकत आला. कोल्ड स्टोरेजमध्ये अजून माल आहे, म्हणून आम्हीही आहोत. तुला आठवत असेल, पूर्वी तिथे मोठा भोंगा होता. थंडाव्याच्या पाइपांतला अमोनिया गॅस सुटला की वाजायचा आणि सगळे बाहेर पळायचे. मग तो संगणक आला. गॅस सुटला की तो स्वतःच फोन लावणार, म्हणून भोंगा भंगारात गेला. तू तेव्हा बारावीला होतास. “ताई, त्याच्यात लिनक्स आहे, लिनक्स!” असं म्हणत गल्लीभर नाचला होतास. आणि संगणक फोन लावणार कुणाला, तर कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्या तुझ्या वडिलांना. त्यासाठी तुमच्या घरी फोन आला. सावळीरामकाकांच्या खाटेशी ठेवलेला तो लाल फोन. उचलला की माणूस बोलत नसे, नुसती शिट्टी ऐकू यायची. काका तसेच अनवाणी सायकलवर टांग टाकायचे. नवसाकाकूंनी तो कधी उचलला नाही. कंपनीचा फोन, घरच्यांनी हात लावायचा नाही, ही काकांचीच शिस्त.

काका गेले. फोन राहिला, कारण तू पुण्याहून त्याच्यावरच आईशी बोलायचास. काकू तो उचलायला शिकल्या त्या तुझ्यासाठी.

ऑफिसातल्या समर्थनं मॅनेजरला तेव्हाच सांगितलं होतं, की संगणकात अजून काकांचाच नंबर आहे. मॅनेजर म्हणाले, बदलून टाक. समर्थनं मला बोलावून पडद्यावर दाखवलं. फाइल उघडत होती, तुमच्या घरचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. त्याने तो पुसला, नवा टाकला, जतन करायला गेला, आणि यंत्रानं इंग्रजीत सांगितलं, परवानगी नाही. त्या फाइलीला हात लावायचा अधिकार एकट्या रूटला, यंत्राच्या धन्याला. धन्याचा पासवर्ड यंत्र बसवणाऱ्या इंजिनिअरकडे. इंजिनिअर कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. कॉलेज रोडवरच्या दुकानदारांनी लिनक्स म्हटल्याबरोबर हात वर केले. मॅनेजर म्हणाले, बघू पुढच्या हंगामात. मी चिडून समर्थला म्हटलं, अरे, देवळात प्रवेश नाही, पण बाहेरून दर्शन घ्या, त्यातलाच हा प्रकार. तो हसला. मीही हसले.

पुढचं तू अर्धंच ऐकलंयस. त्या दुपारी आमच्यातला कोंडाजी मागच्या खोलीत पेट्या रचत होता, दार ओढलेलं. बोळातला पाइप फुटला. आम्हाला वास येऊन आम्ही बाहेर धावलो, त्याच्या आधीच यंत्रानं फोन लावला होता. नेमून दिलेलं काम त्याने चोख केलं. काकूंनी फोन उचलला आणि म्हणाल्या, “कोण, धनराज का रं?” पलीकडे शिट्टी. त्यांना वाटलं लाइन खराब आहे. ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा शिट्टी. “पोराचा आवाजच येत नाय” असं म्हणत किती वेळ कानाला लावून बसल्या. शेवटी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला, आणि तू परत लावशील तेव्हा लाइन सुधारली असेल म्हणून थोड्या वेळानं जागेवर ठेवला. तोवर आम्ही कोंडाजीला बाहेर ओढलं होतं.

कोंडाजीच्या अंत्यविधीला समर्थच्या तोंडून निसटलं, की यंत्रानं फोन तुमच्याच घरी लावला होता. आणि तू, साऱ्या गल्लीदेखत, आईला म्हणालास, “तुला एवढंसुद्धा कळलं नाही?” संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलास. धनराज, मी आयुष्यभर सभांमधून माणसांना जाब विचारत आले. तो प्रश्न विचारायचा होता मॅनेजरला. तू विचारलास त्या बाईला, जिला त्या शिट्टीचा अर्थ कुणी कधी सांगितलाच नव्हता. कोंडाजीच्या बायकोनं तिला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट परवा भाकरी घेऊन आली होती.

आम्ही गेटवर बसलो. खोलीत पाऊल टाकणार नाही म्हटलं. शेवटी मॅनेजरनं लिहून दिलं, तुमचा माणूस आणा आणि तिथे गेटवरच्या फोनचा नंबर टाका. सरकारी तपासनीस फाइलीची प्रत घेऊन गेलेत, तेव्हा लपवाछपवीचा प्रश्न नाही. भोंगाही मंजूर झाला, पण तो यायचा तेव्हा येईल. आता अडलंय ते फक्त माणसावाचून. गेल्या दिवाळीत तूच ओट्यावर बसून सांगितलं होतंस, की यंत्र सुरू होताना एक शब्द टाइप केला तर ते पासवर्ड न विचारता धन्यासारखं आत घेतं, समोर बसलेल्या माणसाला ते अडवू शकत नाही. ते वाक्य मी दोन सभांमध्ये वापरलं. वापरलं, पण त्याने नंबर बदलला नाही.

हे सगळं फोनवर बोलले असते. पण एसटीडी बूथवरून लावला तर तू उचलत नाहीस, आणि तुमच्या घरच्या फोनला काकू कुणाला हात लावू देत नाहीत. आता ऐक, पत्र का लिहिलं ते. त्यांनी ती शिट्टी पाठ केलीय. खाट सोडत नाहीत. आंघोळ करताना शेजारच्या पोरीला फोनपाशी बसवतात. “यंत्राला माझाच नंबर ठाव हाय,” म्हणतात. काल भर दुपारी फोन वाजला. वीज गेल्यानं यंत्र उगाच बिथरलं होतं. काकू तशाच अनवाणी, डोक्यावर पदर नाही, डांबरी रस्त्यानं धावत आल्या. “बाहेर या रं, बाहेर या” असं ओरडत गेटपाशी कोसळल्या. गुडघा फुटलाय, तळपायांना फोड आलेत. आम्ही उचललं तेव्हा म्हणाल्या, “या बारीला मी ठिवला नाय.” आणि मग हळूच, “धनराजचा असंल असंच वाटलं होतं आधी.” त्या पायांनी त्या पुन्हा फोनपाशीच बसल्यात. भाषण करून मला त्यांना तिथून उठवता येत नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं ये, त्या यंत्रासमोर बस, आणि तुझ्या वडिलांचा नंबर पुसून तिथे आमचा टाक.

तुझीच,
मोहिनीताई