सव्वीस वह्या आणि चौथी खोली

मी, श्रीमती मनोरमा शांताराम वैरागडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय लॉज चालवणे, राहणार कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ, हे मृत्युपत्र माझ्याच अकलेने, माझ्याच हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. खानझोडे यांचा दाखला सोबत आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्यातला बाक उन्हात असल्याने पेशंट उभे राहतात हेही सांगितले. दुसऱ्या दिवशी बाक हलला होता.

कलम १. मिसरोद येथील बारा खोल्यांचे ‘विसावा लॉज’ ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती कोणाला द्यायची हे कलम ४ मध्ये येईल. ज्याला मिळेल त्याला आपल्याला नक्की काय मिळाले हे कळावे, म्हणून आधी थोडे सांगते.

मंडीदीपच्या कारखान्यांत कामाला येणारे इंजिनियर आणि फिटर माझ्याकडे उतरत. बरेचसे आपल्याकडचे, नागपूर-पुण्याचे. घरापासून लांब आलेत, तर त्यांना घरच हवे असणार, असे मी धरून चालले. पाटवडीचा रस्सा वाढायचा, शेजारी बसायचे, आणि लग्न का जमत नाही इथपासून आईच्या बीपीपर्यंत सगळे विचारायचे. तीन महिन्यांत निम्म्या खोल्या रिकाम्या! माझे यजमान शांताराम सरकारी कचेरीत कारकून होते. ते म्हणाले, “मनू, दिवसभर साहेबाला उत्तरं देऊन आलेल्या माणसाची तू परत तोंडी परीक्षा का घेतेस?”

त्या दिवसापासून विचारणे बंद केले आणि बघायला लागले. उतारू गेला की चादर ओढण्याआधी मी त्या खोलीत दहा मिनिटे उभी राहते. खुर्ची खिडकीकडे सरकवली की भिंतीकडे फिरवली, दुसरी उशी डोक्याखाली घेतली की खाली टाकली, कुठला दिवा चालू राहिला, सगळे त्याच्या नावाने वहीत उतरवते. तो पुन्हा आला की खोली आधीच त्याच्या मनासारखी लावलेली असते. हे आजवर एकाच्याही लक्षात आलेले नाही. “इथे बरं वाटतं,” एवढेच म्हणतात आणि आपल्या कारखान्यातले आणखी चौघे पाठवतात. अशा सव्वीस वह्या भरल्या आहेत.

कलम २. कोटरा सुल्तानाबादचा फ्लॅट, त्यातील सर्व सामान आणि बँकेतील ठेवी माझा मुलगा चि. आशय यास द्याव्यात. आशय गुणी आहे, पण खोलीत शिरल्यावर त्याला फक्त चौरस फूट दिसतात. लॉज बिल्डरला देऊन टाक, असे तो दर दिवाळीला सांगतो. मध्यंतरी त्याने पुण्याहून अभिप्रायाचे छापील कागद पाठवले होते. दोन महिने वाटले. सगळ्यांनी ‘उत्तम’वर खूण केली, त्यातले नऊ जण पुन्हा फिरकले नाहीत. माणूस तोंडावर खरे बोलत नाही रे बाळा, त्याने सरकवलेली खुर्ची बोलते. रागावू नकोस. तुला आवडेल ते तुला दिले आहे.

कलम ३. माझे दीर श्री. भालचंद्र यांच्याविषयी. “बाईमाणसाच्या लॉजवर कोण उतरणार?” असे हे गृहस्थ शांतारामांना माझ्यादेखत म्हणाले होते. पुढे त्यांचा मुलगा अभिजीत याने आमच्यापासून हाकेच्या अंतरावर कारंजे असलेले मोठे हॉटेल काढले, तेव्हा त्यांनी मला पेढे आणून दिले. मी खाल्ले.

गेल्या मे महिन्यात, भर उन्हात अकरा वाजता, भालचंद्र भावजी बॅग घेऊन माझ्या काउंटरसमोर उभे! “वहिनी, एक खोली द्या. अभिजीतच्या हॉटेलात पाच-पाच उशा आहेत, पण चार दिवस डोळ्याला डोळा नाही.” मी हसले नाही. हसू कसे दाबले ते माझे मला ठाऊक. इतरांप्रमाणे त्यांच्याकडूनही रजिस्टर भरून घेतले. ‘येण्याचे कारण’ या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले, ‘झोप’. सून म्हणून मी त्यांच्या घरात अकरा वर्षे काढली आहेत, त्यामुळे चौथी खोली कशी लावायची ते मला पाठ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत घोरत होते.

ते पान चौकटीत घालून काउंटरवर लावले आहे. ते कोणीही, कधीही काढू नये. त्या बदल्यात भावजींना चौथी खोली हयातभर फुकट. माझे वैर इथे फिटले.

कलम ४. विसावा लॉज, जमिनीसह, आणि सव्वीसही वह्या प्रमिला सोनारे हिला द्याव्यात. ती एकोणीस वर्षे खोल्या आवरते.

गेल्या हिवाळ्यात गुडघ्याचे ऑपरेशन झाले. फ्लॅटचा जिना जमेना, म्हणून दवाखान्यातून मी थेट पहिल्या खोलीत आले, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच लॉजवर उतारू म्हणून. पायाखाली स्टूल होते, पाणी उजव्या हाताला. आणि खुर्चीच्या पाठीवर शांतारामांचा चौकटीचा शर्ट. ते गेल्यापासून घरी मी तो असाच ठेवते. कोणाला सांगितलेले नाही. प्रमिला कधीतरी लॉजच्या किल्ल्या न्यायला घरी आली होती, तेव्हा दिसला असेल तेवढेच. मी दवाखान्यात असताना माझे कपडे आणायला घरची किल्ली तिच्याकडेच होती.

मला रडू आले. ती उशी झाडत म्हणाली, “थंडी असली तरी पंखा एकवर ठेवते ताई. आराम करा, मी बाहेरच आहे ना.” शर्टाबद्दल अवाक्षर नाही. दुपारी चारला झोपले ती सकाळच्या चहालाच उठले. जे मी बनवले ते मला स्वतःला मिळाले, आणि माझ्याशिवाय मिळाले. मी जिंकले! आशयने या कलमास हरकत घेऊ नये.

कलम ५. ज्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही असा साक्षीदार बरा, असे वकिलांनी सुचवले. म्हणून अभिजीतला बोलावले. त्याने सगळे वाचले. मग विचारले, “काकू, बाबांच्या खोलीत असं काय केलं होतंत?” म्हटले, “वहीत आहे. वही आता प्रमिलाची, तिला विचार.” तो खुर्ची ओढून बसला. बसताना त्याने खुर्ची कुठे ओढली ते मी सत्ताविसाव्या वहीत लिहून ठेवले आहे. ही वहीही प्रमिलाचीच.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझा आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायचा नाही.

ठिकाण : विसावा लॉज, मिसरोद, भोपाळ
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

सही : मनोरमा शांताराम वैरागडे

आम्हा दोघांसमक्ष सही झाली, व त्यांच्यासमक्ष आम्ही केली :

१. डॉ. रवींद्र खानझोडे

२. अभिजीत भालचंद्र वैरागडे
(काकू, येत्या शनिवारी माझ्यासाठी एक खोली ठेवा.)