हुकूमशहाची किळस

४ ऑगस्ट
नववीतल्या आमच्या निकिताला शाळेनं इंग्रजी कादंबरी दिली. भविष्यातलं शहर, एक हुकूमशहा, सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे. त्यातल्या मुख्य कल्पना आणि अवघड शब्द तिला वर्गात समजावून सांगायचेत. मीच शिकवणार. बियाण्याचं दुकान तोवर बायको, दीपमाला, पाहील. माझ्याएवढा मोकळ्या विचारांचा बाप दारव्ह्यात नाही.

५ ऑगस्ट
पहिला शब्द सर्व्हेलन्स. म्हणजे पाळत. हुकूमशहा घराघरात कॅमेरे लावतो. शी! वाचून उठलो, गुळण्या करून आलो. निकितानं बैठकीतल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "अन् हा?" तो चोरांसाठी, म्हटलं. "मंग त्याचं तोंड माह्या टेबलाकडं काहून आहे?" उद्धटपणा! मोबाईल आठवडाभर जप्त.

८ ऑगस्ट
कन्फॉर्मिटी. सगळ्यांनी एकसारखं वागायचं. असल्या मेंढरांची घीण येते. तिला पुढं चित्रकला शिकायचीय म्हणे. आमच्यात सगळे कृषी पदवीधर. तीही होईल. चर्चा केली. म्हणजे मी बोललो.

११ ऑगस्ट
प्रोपगंडा. भोंग्यावर दिवसभर हुकूमशहाची स्तुती. ओकारी यायची बाकी होती. जेवताना दोघींना सांगितलं, मी या घरासाठी काय काय करतो. दीपमाला म्हणाली, "रोजच सांगता की तुमी." तोवर वरण गार. गार वरणाचीही किळस.

१७ ऑगस्ट
शाळेत याच कादंबरीवर नाटुकलं. एक काम पालकाला. निकितानं वर्गात माझं नाव सुचवलं! बंडखोर म्हाताऱ्याचं असणार. उद्यापासून पहाटे आवाजाचा व्यायाम.

१८ ऑगस्ट
व्यायाम राहिला. दमट हवा.

२१ ऑगस्ट
मॅडमचा फोन. काम हुकूमशहाचं. अंगावर पाल पडल्यासारखं झालं. नाही म्हणणारच होतो. पण मॅडम म्हणाल्या, "निकिता म्हणते, बाबांना रिहर्सलची गरजच नाही." पोरीचा केवढा विश्वास! भरून आलं. हो म्हटलं. असला नीच माणूस उभा करायचा म्हणजे खरी अ‍ॅक्टिंग लागते.

२९ ऑगस्ट
नाटक झालं. मी ओरडलो तशी पहिल्या रांगेतली पोरं मागं सरकली. मग निकिता पुढं आली. ती बंड करणारी मुलगी. लिहिलेलं वाक्य होतं, "हुजूर, आम्ही आता तुम्हाला भीत नाही."
ती माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मी आता तुम्हाले भेत नाही."
चूक झाली म्हणून मी मॅडमकडं पाहिलं. मॅडम खाली बघत होत्या. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. सगळ्यांच्या थांबल्या, तरी एकटी दीपमाला वाजवतच होती.
माझं पुढचं वाक्य होतं, "हिला पकडा."
आठवत होतं. तोंडातून निघालं नाही.