खोली क्रमांक चार रिकामी नसल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
जिल्हा दप्तर व भांडार कार्यालय, बीड.

अर्जदार : सटवा लिंबाजी गवते, शिपाई, दप्तर उपकार्यालय, धारूर.

विषय : खोली क्र. ४ न पाडणे, तेथील बिनपडद्याचा संगणक भंगारात न काढणे व वीज परत जोडणेबाबत.
संदर्भ : उपकार्यालयाचा हुकूम, दि. २ जून २००३.

महोदय,

हातातली फाईल घटकाभर बाजूला सारून साहेबांनी खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी, अशी विनंती आहे. कीर्तनात बुवा पूर्वरंग आटोपून आख्यानाला हात घालतात, तेव्हा मागे बसलेली मंडळीही पुढे सरकतात. अर्जदारापाशीही एक आख्यान आहे. ते घडलेले आहे, आणि त्याचा शेवट अजून व्हायचा आहे.

१. सोमेश्वर वीरभद्र शेटे हा जन्मांध इसम अपंगांच्या जागेवर दोन वर्षांपूर्वी टंकलेखक म्हणून रुजू झाला. त्याला खोली क्र. ४ व एक लहान संगणक मिळाला. हा संगणक पडद्यावरचे शब्द इंग्रजी साहेबाच्या आवाजात वाचून दाखवतो व सोमेश्वर ते कानाला यंत्र लावून ऐकतो. अर्जदार वाचून दाखवी, तसे जुन्या दप्तराचे सगळे गठ्ठे त्याने संगणकात इंग्रजी अक्षरांत चढवले. चतुराबाई नावाची विधवा नवऱ्याच्या कागदासाठी वर्षभर हेलपाटे घालत होती. सोमेश्वरने चार बटणे दाबली आणि अर्जदाराला म्हणाला, "मामा, तिसरं कपाट, खालची फळी, लाल फडकं." कागद तिथेच होता. बाईने त्या डब्यालाच हळदकुंकू वाहिले.

२. गेल्या साली नवे प्रमुख साहेब आले. त्यांच्या संगणकाचा पडदा जळाला होता. ते म्हणाले, "शेटे, तुम्हाला दिसत नाही, मग पडदा कशाला?" सोमेश्वर हसून म्हणाला, "न्या की साहेब. त्याच्यावर फकस्त मांजर बसतंय, ऊब लागती म्हणून." अर्जदारानेच तो उचलून नेला. काम तसूभरही अडले नाही. पुढे मार्चमध्ये बल्ब काढला, आंधळ्याला बल्ब कशाला म्हणून. मग खिडकीला फळ्या ठोकल्या. प्रत्येक वेळी सोमेश्वर "न्या की" म्हणाला, आणि प्रत्येक वेळी स्टूल अर्जदारानेच धरले.

३. मे महिन्यात भांडाराची तपासणी झाली. तपासनीस दारातूनच डोकावले. आत उजेड नाही, पडदा नाही. त्यांनी लिहिले : "खोली क्र. ४, रिकामी. संगणक अपूर्ण, बंद." सोमेश्वर त्या वेळी आत बसून टाईप करत होता. हजेरीपटावर त्याचे नाव आजही आहे. त्याने बसायचे कुठे, असे अर्जदाराने विचारल्यावर बाबूंनी हजेरीपट पाहून "खोली क्र. ४" सांगितले, आणि ती खोली कशी आहे असे विचारल्यावर यादी पाहून "रिकामी" सांगितले.

४. दि. २३ मे, शुक्रवार. सर्व रिकाम्या खोल्यांना कुलपे लावण्याचा तोंडी हुकूम झाला. अर्जदाराने खोली क्र. ४ चे दार ढकलून "कोन हाय का आत?" अशी हाक मारली. उत्तर आले नाही. आत उजेड दिसला नाही. डोळसाच्या अकलेने अर्जदार उजेड शोधत राहिला आणि कुलूप लावून घरी गेला. सोमेश्वर कानाला यंत्र लावून आतच बसलेला होता. दर शुक्रवारी तो परस्पर तेलगावला बहिणीकडे जातो, त्यामुळे घरीही कोणी वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, सुट्टी. वर पत्रा, बाहेर वैशाखाचे ऊन, आत पाण्याचा थेंब नाही.

५. शनिवारी सकाळी सप्ताहाचे काल्याचे कीर्तन चालू होते. कार्यालयाच्या फाटकापाशी लिंबू सरबत विकणारी दगडाबाई धापा टाकत मंडपात आली आणि अर्जदाराच्या कानाशी लागली. "सटवाभाऊ, तुमच्या हापिसात त्या बंद खोलीत कोन तरी बोलतंय. मानसावानी बोलतंय, पन मानूस न्हाई त्यो. आन तुमचंच नाव घेतंय. सारकं, सारकं."

येथे अर्जदार देवाशप्पथ खरे लिहितो. अर्जदाराच्या अंगावर काटा आला. "गप बस बाई, आख्यान रंगात आलंय," असे म्हणून अर्जदाराने टाळ अधिक जोरात वाजवला. काला घेतला, प्रसाद घेतला, बुवांच्या पाया पडला. कुलूप उघडले तेव्हा एक वाजून गेला होता.

सोमेश्वर भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटलेले, बोटे बटणांवर. ओरडून ओरडून रात्रीतच त्याचा घसा बसला होता, म्हणून त्याने कानाचे यंत्र काढून संगणकाचा आवाज मोठा करून त्यालाच हाक मारायला लावले होते. संगणक परक्या मुलखातल्या माणसासारखा "साट्वा मामा, साट्वा मामा" म्हणत होता. पाणी पाजल्यावर सोमेश्वर एवढेच बोलला, "मामा, लई उशीर केला."

६. या प्रकाराची चौकशी झाली ती अशी : रिकाम्या खोलीत वीज कशी वापरली गेली? लगेच वीज तोडली. संगणक भंगाराच्या यादीत गेला. संदर्भीय हुकमाप्रमाणे सोमवार दि. १६ जून रोजी सकाळी सात वाजता खोली पाडायची आहे. त्याआधी खोली रिकामी असल्याचा दाखला अर्जदाराने सहीनिशी द्यायचा आहे.

७. सोमेश्वर मात्र जागा सोडत नाही. अर्जदाराने हात जोडले. तो म्हणाला, "मामा, पडदा दिला, बल्ब दिला, खिडकी दिली. आता खोली दिली की ह्या हापिसात मी कुटंच न्हाई. मंग कागदावर बी न्हाई." सोळा तारखेला तो पहाटेच येऊन बसणार आहे. बंद संगणकावर तो रोज टाईप करतो. बटणांचा आवाज व्हरांड्यात ऐकू येतो, आणि बाबू मंडळी तिकडून जाताना पावले उचलून चालतात. "काय लिहितोस?" असे अर्जदाराने विचारले, तर म्हणाला, "कोन कोन दारावरून गेलं, ते."

८. अर्जदार या दाखल्यावर सही करणार नाही. नोकरी गेली तरी करणार नाही. दाखल्याचा कोरा नमुना तसाच या अर्जासोबत जोडला आहे. पण महोदय, सही दुसऱ्या कोणाचीही घेता येते. आमच्या कार्यालयात चार शिपाई आहेत, त्यातले दोघे रोजंदारीवर आहेत.

तरी वीज जोडून संगणक चालू असल्याची नोंद व्हावी आणि पाडकाम थांबवावे. आमच्या प्रमुख साहेबांनी खोली कधी आत जाऊन पाहिलेली नाही. आपण यावे, ही प्रार्थना. येणे झाले नाही, तर सोमवारी सकाळी सात वाजता, आपण जिथे असाल तिथे, सोमेश्वर वीरभद्र शेटे या माणसाची आठवण ठेवावी. तो आत असेल.

आपला नम्र,
सटवा लिंबाजी गवते
शिपाई

धारूर, दि. १२ जून २००३