लंकेला जाणारा कांदा

आई, तू गेल्यापासून शेडच्या दारातल्या तुझ्या उजेडाच्या जागेवर मी बसते. खाली पोतंही तुझंच. न्हावऱ्याच्या आम्हा पंधरा कांदा निवडणाऱ्या बायांची मुकादम मी झाले, हे तुला आवडलं असतं. पुढचं आवडणार नाही.

लंका म्हटलं की तुला रावणच आठवायचा. आपला निम्मा कांदा तिकडं जायचा, तेव्हा तू हसायचीस, "सोन्याच्या लंकेला साधा कांदा पिकवता येईना व्हय गं?" आई, ती लंका कंगाल झाली. देशानं बाहेरून उसनं घेऊन मोठमोठी कामं काढली, वर कर कमी केले. मग कोरोनात पर्यटक यायचे थांबले. रासायनिक खताला एकाएकी बंदी केली, तर भातही बुडाला. बाहेरचा माल घ्यायला डॉलरच उरले नाहीत. पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा, दवाखान्यात औषध नाही, हे मी मोबाइलवर बघत होते, आणि इकडं शेडमध्ये भरलेल्या गोण्यांतल्या कांद्याला कोंब फुटत होते. मालकानं बोलावून सांगितलं, "सहाच बाया ठेव."

तुझ्या वेळी निर्यात बंद झाली तेव्हाही काम असंच आटलं होतं. तू म्हणालीस, "कुणाला बी घरी बसवायचं न्हाई. दिस वाटून घिऊ." आणि पहिल्याच दिवशी मला कामावरून उठवलंस. मी रागानं हातातला कांदा भिंतीवर फेकला. तो तू उचलून आणलास. "मुकादमाच्या पोरीनं आधी उठायचं आस्तं," एवढंच बोललीस.

दिवस वाटायचं मलाही सुचलं होतं. पण अर्ध्या दिवसांच्या मजुरीत माझं भागलं नसतं. सहा जणी ठरल्या, त्यात पहिली मी. तुझ्या शेजारी जन्मभर बसलेल्या मावशीचं काम गेलं. तिचा हात आता भरभर चालत नाही. तिला मी लंकेचं सगळं समजावून सांगितलं, डॉलर, पर्यटक, खत, काही सोडलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालकानंच माजं नाव घेतलं का गं?" मी म्हटलं, "व्हय, मावशी."

ती आता कारेगावात कंपनीतल्या पोरांच्या मेसमध्ये भांडी घासते. परवा शिरूरच्या एसटी स्टँडवर भेटली. पावडरीनं हात फुटलेत. लंका सावरतेय म्हणतात, मावशी काही सावरलेली दिसली नाही. तरी माझ्याच गालावरून हात फिरवत म्हणाली, "तुजा काय दोस हाय? आख्खा देस बुडाला, तितं मालक तरी काय करील?" शेजारच्या बाईलाही तिनं ती डॉलरची हकिकत ऐकवली, मी सांगितली होती तशीच.

त्यातलं सगळं खरं होतं, आई. फक्त मालकानं एकाही बाईचं नाव घेतलं नव्हतं. त्यानं आकडा सांगितला, नावं मी काढली. मावशीला हे सांगायचं धाडस नाही, म्हणून तुला लिहिते आहे. कागद पोत्याखाली सरकवीन आणि त्यावरच बसेन. तू काही आता मला उठवायला येणार नाहीस.