कुरण बंद

१ डिसेंबर १९५७, घोटावडे
आजपासून डोंगरावरचं आमचं कुरण बंद. शेतकी ऑफिसच्या पत्रकात छापलंय, चराई थांबवली की गवत दुप्पट. गावानं दिवाळीतच गवत कापून विकलं. अडाणी! मी भाव चढेपर्यंत थांबणार. धुळा धनगराला बजावलं, मेंढरं दिसली तर तंगड्या मोडीन. म्हणाला, "हैबतराव, आज्यापासनं आमी हितं चारतुया." घाबरला बहुतेक.

४ डिसेंबर
मेंढरं कुरणात. एका एडक्याच्या डोक्यात काठी हाणली. जागीच गेला. धुळा नुसता बघत राहिला. माझी पर्सनॅलिटीच तशी. त्याच्या बायकोनं, सुंदरानं, मात्र गोफण फिरवली. माझे पुढचे दोन दात पडले. हलतच होते.

५ डिसेंबर
आमची बायको तुळजा म्हणते, "मुकं जनावर मारलंसा. माफी मागा जाऊन." बायकांना इकॉनॉमिक्स कळत नाही.

९ डिसेंबर
नथू गड्याला घेऊन धुळाच्या पालावर चाल केली. पाल पाडलं, मडकी फोडली. चुलीवरचं कालवण त्याच्या म्हातारीच्या, कोंडाबाईच्या, पायावर सांडलं. हेतू तसा नव्हता. मग धुळानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं माझा डावा हात मोडला. नथू पळाला. लिहायचा हात शाबूत, म्हणजे जिंकलोच.

१४ डिसेंबर
कुरणाला मीच काडी लावली. आता चरा म्हणावं! वारा फिरला. कुरण जळालं, वरचं रान जळालं, आजोबांचे बावीस हिरडे गेले. विझवायला पहिला धुळा धावला. ओल्या फांद्यांनी झोडपत होता, भुवया जळाल्या त्याच्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लाजला असेल.

२० जानेवारी १९५८
गावातल्या प्रत्येक खाचरात धुळाची मेंढरं बसून गेली. लेंडीखताशिवाय आमच्याकडं भात धरत नाही. आमचं खाचर तेवढं राहिलंय. येईल. गरज त्याला आहे.

२७ जानेवारी, दुपार
आली मेंढरं! तुळजा म्हणे रोज जाऊन कोंडाबाईच्या पायाला तेल लावत होती. मला पत्ता नाही. धुळाची एकच अट, "मालक भाईर दिसला तर मेंढरं उठतील." मेंढरं तीन दिवस बसणार, तोवर मी आत. तुळजानं बाहेरून कडी घातलीय. खाचरात ती आणि सुंदरा बोलतायत, हसतायत. घागर रिकामी. तहान लागलीय. दोनदा तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. उठली मेंढरं तर?