आठ ताटांचा तक्ता

फ्रिजवर चिकटवलेला तुझा एक्सेलचा तक्ता वाचला. पाचला भाज्या चिरणे, साडेपाचला कुकर, पावणेसहाला रस्सा, सातला पानं वाढणे. प्रत्येक ओळीपुढे 'बायको'. तुझ्या वाट्याला एकच काम, 'मीठ बघणे'. कुकरची वाफ जिरायला लागणारी दहा मिनिटं तू धरलीच नाहीस. स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं असतंस तर कळलं असतं.

आणि खाली लिहिलंयस, ताटं आठ. तुझे आईबाबा, दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं, ताई आणि तू. बारा वर्षं मीही याच घरात जेवते, बरं का!

असू दे, तुझा तक्ता मी खोटा पडू देत नाही. मी निघाले मैत्रिणीकडे जेवायला, म्हणजे ताटं बरोबर आठच लागतील. भाज्या टोपलीत आहेत. फोन करू नकोस. आणि मीठ तेवढं बघ.